बोलत नाही, पण कळते!

‘अजून बोलतही नाही, त्याला काय कळणार?’ हे वाक्य दवाखान्यात नेहमी कानी पडते. मला ते मुळीच मान्य नाही. बाळाचा पहिला शब्द साधारण वर्षाच्या सुमारास येतो; अर्थ मात्र त्याच्या कितीतरी आधी कळू लागतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील बर्गलसन व स्विंगली यांनी २०१२ साली हे दाखवून दिले. सहा ते नऊ महिन्यांची बाळे पालकांच्या मांडीवर बसवली, समोर चित्रे ठेवली. पालकांना चित्रे दिसू नयेत अशी व्यवस्था होती, म्हणजे त्यांच्याकडून खूण मिळण्याचा प्रश्नच नाही. खाद्यपदार्थांची, अवयवांची नावे उच्चारताच बाळांची नजर योग्य चित्राकडे अधिक वळली.

हे येते घरच्या बोलण्यातूनच. आजी न्हाऊ घालताना ‘दे बघू पाय’ म्हणते, तेव्हा शब्दही कानावर पडतो आणि पायही तिच्या हातात असतो. मोबाईलवरच्या गाण्यांना ही सर नाही. बाळ कुठे पाहते आहे हे मोबाईलला काय ठाऊक?

पण मुळात ऐकूच येत नसेल तर? मोठ्या आवाजाला बाळ दचकत नसेल, सहा-सात महिन्यांनंतरही हाकेसरशी मान वळवत नसेल, तर ‘याचा काकाही उशिराच बोलला’ म्हणून थांबू नका. घरी थाळी वाजवून पाहणे पुरेसे नाही. हलणारी थाळी पाहूनही बाळ वळते. श्रवणचाचणी नवजात बाळाचीही करता येते. जिल्हा रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात तिची चौकशी करावी.