हलगी कुणाच्या हुकमानं?

1 ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीसाठी गोदीतून रजा टाकून उदगीरला गेलो. वस्तीत मीटिंग बसलेली. विषय एकच, डीजे किती बॉक्सचा? कोपऱ्यातून माझा चुलता म्हणाला, "आपली हलगी हाय की रे." पोरं उसळली. "काका, ती गुलामी पुन्हा गळ्यात अडकवायची व्हय?"

पोरांचं चुकलं नव्हतं. माझ्या आज्यानं हलगी पाटलाच्या लग्नात मांडवाबाहेर उभं राहून वाजवली. पोळ्याला वाजवली, गावात कुणी मेलं तरी वाजवली. बदल्यात शिळंपाकं अन् सुगीला पसाभर जवारी. नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणून बापानं हलगी खुंटीला टांगली ती टांगलीच. मी शाळेत तिचं नावसुद्धा काढलं नाही.

मग गोदीत मॉरिशसचा एक क्रिओल खलाशी भेटला. दुपारच्या सुट्टीत त्यानं मोबाइलवर त्याच्या गल्लीतला सण दाखवला. बघतो तर काय, पाचोळ्याचा जाळ केलेला अन् त्यावर चामड्याचं गोल वाद्य शेकायलेत! आयला, ही तर आमचीच तऱ्हा! लाकडी कडं, बकऱ्याचं कातडं. नाव रावान. ते हातानं वाजवतात, आपण टिपरू अन् काडीनं, एवढाच फरक. बायाबाप्ये समोरासमोर, पाय न उचलता, जमिनीला घासत नाचतात. हा सेगा. मादागास्कर-मोझांबिककडून धरून आणलेल्या गुलामांनी तो घडवला. गुलामी तिथं 1835 साली कायद्यानं संपली, तरी सभ्य लोक सेगाला नाकं मुरडतच राहिले. 2014 साली युनेस्कोनं तोच सेगा मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातला.

पण एक फरक गिळून चालणार नाही. सेगा गुलामांनी मालकाची पाठ वळल्यावर स्वतःसाठी केला. आपली हलगी हुकमानं वाजली. लाज वाटायची ती त्या हुकमाची, कातड्याची कशाला? तामिळनाडूत प्रेतापुढं वाजवायला लावलेली पराई दलित पोरापोरींनी आधी नाकारली, मग आपल्या मर्जीनं उचलली. आता ती मोर्चात वाजते.

यादीत नाव आलं म्हणून हुरळूनही जाऊ नका. तिकडं हॉटेलांत पाहुण्यांपुढं फुलाफुलांचे घागरे घालून सेगा नाचवतात. इकडं पुढाऱ्याच्या स्वागताला हलगीवाले हवेत, अन् जेवायच्या पंगतीला नकोत. हा पाटलाचा मांडवच की, फक्त कापड नवं!

मीटिंगमध्ये मी हेच बोललो. डीजे ठरला तो ठरलाच, पण चौकापर्यंत पुढं हलगी. चुलत्यानं अट घातली, "कुण्या साहेबाच्या दारात थांबणार नाय." संध्याकाळी तो जाळावर हलगी शेकत बसला. सगळ्यात जास्त भांडलेला पोरगा जवळ येऊन उकिडवा बसला. म्हणाला, "काका, काडी कंच्या बोटात धरायची?"

तुमच्या घरात जुना वाजवणारा असेल तर त्याचे ठेके, त्या ठेक्यांची नावं लिहून पाठवा. पुढच्या अंकात पानं राखून ठेवतो.