वकील नेमका कुणाचा?

ब्रिटनी स्पिअर्सची गाणी आमच्या पिढीला पाठ. मला मात्र तिचा खटला जास्त छळतो. २००८ साली लॉस एंजेलिसच्या कोर्टाने या २६ वर्षांच्या, दोन मुलांच्या आईचा कारभार मुख्यतः तिच्या वडिलांच्या हाती सोपवला. स्वतःचा वकील निवडण्याइतकीही समज तिला नाही, असं ठरवून कोर्टानेच एक नेमून दिला. फी मात्र तिच्याच पैशांतून! हे पालकत्व संपवा असा अर्ज करता येतो हेच आपल्याला ठाऊक नव्हतं, असं तिने जून २०२१ मध्ये कोर्टात सांगितलं. १३ वर्षांनी! मग या वकिलाने केलं काय? अशिलाचं भलं कशात ते ठरवायला न्यायाधीश, डॉक्टर आहेत. वकिलाने तिचं म्हणणं मांडायचं, वाट दाखवायची, बस्स. जुलैत तिला मनाजोगता वकील मिळाला. नोव्हेंबरात ती सुटली.