लाळग्रंथींच्या गाठी आणि फॉर्मॅलिनची बरणी

अहिल्यानगर जिल्ह्यातील कान-नाक-घसा शल्यचिकित्सक, दंतवैद्य आणि विकृतितज्ज्ञ यांचा तंबाखू-मिश्रीमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाशी रोजचा परिचय आहे, आणि त्या रोगात तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला की बहुतेक वेळा निदानाबद्दल शंका उरत नाही. लाळग्रंथींच्या गाठींचे तसे नाही. डोके व मान या भागातील गाठींत त्यांचा वाटा साधारण 3 ते 6 टक्के एवढाच, परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यांचे प्रकार तीसहून अधिक आहेत, आणि त्यांतील कित्येक एकमेकांसारखे इतके बेमालूम दिसतात की ज्या तज्ज्ञाने एखादा प्रकार उभ्या कारकिर्दीत दोन-तीनदाच पाहिला असेल, त्याला केवळ नजरेच्या बळावर नाव देणे अवघड जाते.

या अवघडपणाचे बोलके उदाहरण म्हणजे सिक्रीटरी कार्सिनोमा. चेक विकृतितज्ज्ञ आलेना स्कालोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन करेपर्यंत अशा अनेक गाठी ॲसिनिक सेल कार्सिनोमा या नावाखाली नोंदल्या जात होत्या. पेशींत झायमोजेनचे कण नाहीत, ही खूण काचेवर होतीच. पण निर्णायक पुरावा मिळाला तो गुणसूत्रांत, कारण या गाठीत बाराव्या आणि पंधराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन ईटीव्ही6 आणि एनटीआरके3 ही दोन जनुके एकमेकांना जोडली जातात. अशा जोडणीला जनुकसंयोग म्हणतात. नावातला हा फरक कागदोपत्री राहत नाही. एनटीआरके संयोगावर नेमके काम करणाऱ्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाल्यापासून, रोग पसरलेल्या रुग्णासाठी त्या फरकाला उपचाराचा अर्थ आला आहे.

असे संयोग शोधण्याची एक पद्धत म्हणजे फिश. तिच्यात चमकणाऱ्या खुणा वापरून जनुक तुटले आहे की नाही एवढे कळते, मात्र ते कोणाशी जोडले गेले हे सहसा कळत नाही. ईडब्ल्यूएसआर1 हे जनुक क्लिअर सेल कार्सिनोमात तुटते आणि काही मायोएपिथेलियल कार्सिनोमांतही तुटते, त्यामुळे नुसते तुटणे पाहून निवाडा होत नाही. जनुकीय क्रमनिर्धारण, म्हणजे न्यूक्लिइक आम्लातील अक्षरांचा क्रम प्रत्यक्ष वाचणे, जोडीदारासह संयोग दाखवते, आणि एका चाचणीत अनेक जनुके पाहिली जात असल्याने तुटपुंज्या ऊतकाची उधळपट्टी टळते. संयोगांच्या शोधासाठी डीएनएपेक्षा आरएनए वाचणे बहुधा अधिक फलदायी ठरते. दुर्दैवाने आरएनए हाच रेणू अधिक नाजूक आहे.

तरीही सूक्ष्मदर्शकाने आधी नेमका प्रश्न विचारलेला असावा लागतो. म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमात सीआरटीसी1-एमएएमएल2 संयोग पुष्कळदा सापडतो, पण सर्वच गाठींत नाही, म्हणून तो न मिळाल्याने निदान रद्द होत नाही. शिवाय एस-100, मॅमाग्लोबिन, डीओजी1, पॅन-टीआरके, एनआर4ए3 अशा प्रथिनांचे रंगपरीक्षण तुलनेने स्वस्तात बराच गुंता सोडवते. ते न करता थेट क्रमनिर्धारणाची महागडी चिठ्ठी रुग्णाच्या हाती देणे या नियतकालिकाला मान्य नाही.

खरी अडचण यंत्राच्या अभावाची नाही. जिल्ह्यातून नमुना पुण्या-मुंबईला पाठवता येतो, आणि टाटा मेमोरियल केंद्राच्या पुढाकाराने 2012 मध्ये उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग जाळे संस्थांना एकमेकांशी जोडण्यासाठीच आहे. अडचण शस्त्रक्रियागृहाच्या दारात सुरू होते. अरुंद तोंडाच्या बरणीत अख्खी, न चिरलेली गाठ कोंबलेली, वर कसेबसे तिला बुडवील एवढेच फॉर्मॅलिन, तेही बफर न मिसळलेले, आणि बाहेर एप्रिल-मेचे ऊन: अशी बरणी अकोले किंवा जामखेडहून निघून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत गाठीचा मधला भाग सडू लागलेला असतो. फॉर्मॅलिन ऊतकात तासाला साधारण एक मिलिमीटर एवढ्याच गतीने शिरते. म्हणून गाठीच्या कडांवर शाईने खुणा करून ती चिरणे, ऊतकाच्या किमान दहापट 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन वापरणे आणि ऊतक त्यात 6 ते 72 तासांच्या मर्यादेत ठेवणे आवश्यक आहे. आम्लधर्मी फॉर्मॅलिन न्यूक्लिइक आम्लांची मोडतोड करते. टाळूच्या गाठीबरोबर हाड आले असेल आणि ते तीव्र आम्लात मऊ केले, तर काचेवरचे चित्र ठीक दिसूनही क्रमनिर्धारण फसते. तिथे ईडीटीए वापरावे किंवा मऊ भाग आधीच वेगळा काढून त्याचा स्वतंत्र ठोकळा करावा. लाखमोलाची चाचणी काही रुपयांच्या द्रावणावर अवलंबून असते, ही गोष्ट परिचारिकेपासून शल्यचिकित्सकापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे.

लोणी आणि विळद घाट येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या विकृतिशास्त्र विभागांनी तालुक्यांतील शल्यचिकित्सकांसाठी एकच नमुना-पत्रक तयार करावे, अशी या नियतकालिकाची सूचना आहे. त्यात गाठ कोणत्या ग्रंथीतील, चेहऱ्याची नस दुबळी आहे काय, सुईतपासणीचा मिलान पद्धतीतील वर्ग कोणता, ऊतक शरीराबाहेर काढल्याची वेळ आणि ते फॉर्मॅलिनमध्ये बुडवल्याची वेळ, एवढे तरी लिहिलेले असावे. मेणाचे ठोकळेही काही वर्षांनी अडगळ म्हणून टाकून देऊ नयेत. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नसांच्या कडेने सरकतो, तसाच दहा-पंधरा वर्षांनीही फुप्फुसात उगवतो, आणि त्या दिवशी मूळ गाठीशी ताडून पाहण्यासाठी हाताशी असतो तो फक्त पहिल्या शस्त्रक्रियेचा ठोकळा.