वही कपाटात, प्रत परगावी



आमच्या महिला मंडळाकडे वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची असे रुग्णांच्या उपयोगाचे साहित्य आहे. अनामत घ्यायची, वस्तू द्यायची, वस्तू परत आली की अनामत परत करायची. मी बी.कॉम., म्हणून खजिनदारपद माझ्या गळ्यात पडले. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा अनामतीची वही माझ्या तळमजल्यावरच्या कपाटात होती. पाणी ओसरल्यावर हाताला लागला तो नुसता लगदा.

काही महिन्यांनी एक आजोबा व्हीलचेअर परत घेऊन आले. आजी गेल्या होत्या. म्हणाले, "ताई, दोन हजार भरले होते. पावती मात्र पुरात गेली." मी दोन हजार दिले. माणूस खरा होता. पण रात्री झोप लागेना. उद्या कुणी पाचशे भरून हजार मागितले तर? त्याहून टोचले ते हे की, पावती नाही म्हणून संकोचाने कुणी मागायलाच आले नाही तर? ते पैसे मंडळाचे नाहीत. ते आपल्याकडे राहिले, तर ती चूक नव्हे, ते पाप आहे.

मग मी नोंदी मोबाइलवर ठेवू लागले. एके दिवशी तोही बंद पडला. एका मैत्रिणीला महिन्यापूर्वी फाइल पाठवली होती, म्हणून वाचले. तेव्हा पुण्याचा माझा भाचा म्हणाला, "मावशी, एक छोटा व्हीपीएस घे." आज दोन वर्षांच्या अनुभवाने मी त्याबद्दल लिहिते आहे.

व्हीपीएस म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर. मोठ्या डेटा सेंटरमधल्या एका दणकट संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक भाग पाडतात आणि एकेक भाग भाड्याने देतात. प्रत्येक भागाला आपली मेमरी, आपली डिस्क, आपली ऑपरेटिंग सिस्टिम. वेबसाइटसाठी साधे होस्टिंग घेणे म्हणजे वाड्यातली खोली, नळ सामाईक. व्हीपीएस म्हणजे फ्लॅट. इमारत, वीज, पाणी सोसायटीचे, पण आतला केर आपणच काढायचा. हे केर काढायचे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावर येते.

आमचा सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये आहे. त्यावर लिनक्स आणि नेक्स्टक्लाउड नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. अनामतीची फाइल अध्यक्षा, सचिव आणि मी, तिघींच्या संगणकावर दिसते. मी नोंद केली की ती आपोआप दोघींकडे पोचते. चुकून काही पुसले गेले, तर ते साधारण 30 दिवस कचरापेटीत राहते, फाइलच्या जुन्या आवृत्त्याही सापडतात. कोणती व्हीलचेअर कुणाकडे आहे, हे विचारायला आता मला दुपारी झोपेतून उठवावे लागत नाही.

दुसरा उपयोग परगावच्या प्रतीचा. जाणकार सांगतात, महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. पुरानंतर मला हे कुणी समजावून सांगावे लागले नाही. घराची कागदपत्रे, सासूबाईंच्या हातची लोणच्यांची वही, लग्नाचे फोटो, सगळे स्कॅन करून रोज रात्री त्याची प्रत तिकडे जाते. जाण्यापूर्वी ती सांकेतिक कुलपात बंद होते, कारण इमारत दुसऱ्याची आहे हे विसरून चालणार नाही.

तिसरा उपयोग मंडळाच्या एका पानाच्या वेबसाइटचा. कोणते साहित्य उपलब्ध आहे ते त्यावर दिसते. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून फुकट मिळते. दुकान असलेल्या ओळखीच्या घरांत विंडोजचा व्हीपीएस घेऊन त्यावर टॅली ठेवतात, म्हणजे दुकानदार आणि सीए दोघांना एकच हिशोब दिसतो. कंपन्यांना तर हिशोबाच्या वह्यांची प्रत रोज भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावी, असा नियम आहे.

आता खर्च. आमचे भाडे महिना 500 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाला 7,080. वेबसाइटच्या नावाचे साधारण हजार धरा. आठ हजार झाले. आम्ही चाळीस जणी आहोत, प्रत्येकीला वर्षाला दोनशे पडतात.

म्हणून सगळ्यांनी घ्यावा का? मुळीच नाही. नुसते नातवंडांचे फोटो ठेवायचे असतील, तर तयार सेवा स्वस्त पडते. मंडळाचा ईमेलही यावर चालवायच्या फंदात पडू नका. असे पत्र बरेचदा समोरच्याच्या स्पॅममध्ये जाते आणि अनेक कंपन्या त्याची वाटच बंद ठेवतात. सर्व्हर घेतला की आपण अदृश्य होतो, हाही भ्रम आहे. 2022 च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार भाड्याने देणाऱ्यांना ग्राहकाचे नाव, पत्ता, फोन तपासून पाच वर्षे जपावे लागतात. गरज नसताना घेतलेला सर्व्हर हासुद्धा परिग्रहच.

आणि तो केर. पहिल्याच आठवड्यात भाच्याने मला सर्व्हरची नोंदवही दाखवली. कुठून कुठून अनोळखी यंत्रे दार ढकलून बघत होती, शेकडो वेळा. आपण कोण हे त्यांना ठाऊक नसते, उघडे दार तेवढे हवे असते. म्हणून पासवर्डने प्रवेश बंद केला, फक्त किल्लीची फाइल असलेला आत जातो. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप होतात, तरी महिन्याला अर्धा तास भाचा बघतो. हा अर्धा तास देणारे कुणी नसेल, तर सर्व्हर घेऊच नका. बिनझाडलेल्या फ्लॅटपेक्षा वाड्यातली खोली बरी.

माझे मत एवढेच आहे: ज्या नोंदीचा जाब आपल्याला दुसऱ्याला द्यायचा आहे, ती एका माणसाच्या कपाटात किंवा मोबाइलमध्ये राहता कामा नये. तिच्यासाठी हे भाडे सार्थकी लागते. पण मग सर्व्हरही एका माणसाच्या डोक्यात राहता कामा नये. आम्ही खात्याचे तपशील, नूतनीकरणाची तारीख आणि किल्ली एका बंद पाकिटात घालून अध्यक्षांकडे ठेवली आहे. दर तीन महिन्यांनी प्रतीतली एक फाइल उतरवून उघडून बघतो, कारण न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड. आणि 31 मार्चला सगळी यादी छापून बँकेच्या पासबुकाशी ताळा करतो.

मागच्या महिन्यात एक मुलगा वडिलांचा वॉकर घेऊन आला. पावती नव्हती. मी नाव विचारले, फाइल उघडली आणि आठशे रुपये मोजून त्याच्या हातात दिले. अर्धा मिनिट लागला.

तुमच्या मंडळाची वही कुठे आहे, आज एकदा बघाल का?