फोटो पास झाला, पण माणसाला विचारलंत का?

आपल्या कॉलेजात हल्ली फोटो काढणारे पुष्कळ आहेत. त्यातले काहीजण स्टॉक फोटोच्या साइटवर फोटो टाकतात आणि दोन दिवसांनी 'रिजेक्टेड' वाचून तोंड पाडून बसतात. "आमच्या गावातलं काही त्यांना कळतच नाही," ही त्यांची ठरलेली तक्रार. मला ती अर्धीच पटते.

जुलैच्या झिरमिर पावसात साधनकेरीचं तळं सुंदर दिसतं, खरंय. पण उजेड कमी असला की मोबाईल आयएसओ वाढवतो आणि फोटो पूर्ण आकारात उघडला की दाणे दिसतात. इन्स्टाग्रामवर ते खपतं, विकत घेणाऱ्याला खपत नाही. शटरस्टॉकला निदान ४ मेगापिक्सेलचा फोटो लागतो आणि फोकस नेमका लागतो. एकाच जागेवरून काढलेले पंधरा फोटो पाठवले तर 'एकसारखे' म्हणून परत येतात. यात अन्याय कसला? पाठवण्याआधी फोटो शंभर टक्के मोठा करून कोपरान् कोपरा बघावा, पंधरातला एक निवडावा. ही शिस्त आहे आणि ती आपल्याला हवीच.

दुसरी गोष्ट शब्दांची. आपण साहित्य मंडळवाले, इथे तरी कमी पडू नये. शटरस्टॉकवर प्रत्येक फोटोला ७ ते ५० कीवर्ड द्यावे लागतात, तेही इंग्रजीत. पेढ्याच्या फोटोला नुसतं 'इंडियन स्वीट' लिहिलं तर तो हजारो लाडू-बर्फीत हरवला. धारवाडी पेढ्याला भौगोलिक मानांकन आहे, मग 'धारवाड' लिहायला लाजायचं कशाला? हुबळीच्या बेंगेरीत खादीचा राष्ट्रध्वज तयार होतो आणि ते काम बहुतांशी बायका करतात. फोटोखाली फक्त 'फ्लॅग' लिहिलं की त्या बायका गायब! वर्णन नेमकं करणं हे लेखकाचंच काम आहे.

आता तिसरी गोष्ट. माझा खरा मुद्दा हाच. फोटोत ओळखू येणारा चेहरा असेल आणि तो जाहिरातीत वापरला जाणार असेल, तर त्या माणसाच्या सहीचा 'मॉडेल रिलीज' लागतो. तो नसेल तर फोटो फक्त बातमी, शिक्षण अशा संपादकीय वापरापुरता घेतात. आपली मुलं या कागदाला कटकट म्हणतात. मला तर सगळ्या नियमांत हाच एक नियम माणुसकीचा वाटतो.

बासेल मिशनची माणसं १८३७ साली धारवाडला आली. त्या मिशनने जपलेले हजारो जुने फोटो आज स्वित्झर्लंडमधल्या संग्रहातून इंटरनेटवर बघता येतात. आपल्या भागाचा तो मोठा ठेवा आहे, त्याबद्दल कृतज्ञ असायलाच हवं. पण ते बघताना लक्षात येतं, की मिशनऱ्याचं नाव बहुधा असतं आणि शेजारी उभ्या असलेल्या इथल्या माणसाचं पुष्कळदा नसतं. त्याला कुणी विचारलं होतं का, कोण सांगणार? तेव्हाचं जाऊ द्या. आज आपण तरी विचारतो का?

बाजारात भाजी विकणाऱ्या अव्वाचा इंग्रजी कागदावर अंगठा घेतला, की साइटचं समाधान होतं. अव्वाला काय कळलं? आपला चेहरा उद्या कुठल्या गोळीच्या किंवा कर्जाच्या जाहिरातीत दिसेल, हे तिला कुणी सांगितलं? शिवाय आता गोष्ट जाहिरातीवर थांबत नाही. शटरस्टॉकने आपला साठा ओपनएआयला यंत्र शिकवायला दिला, अडोबीचं फायरफ्लाय अडोबी स्टॉकवर शिकलं. चेहरा एकदा तिथे गेला की परत मागता येत नाही. आणि हे सगळं कशासाठी? शटरस्टॉक छायाचित्रकाराला १५ ते ४० टक्के वाटा देते, आणि एका डाउनलोडचे कधीकधी १० सेंटच हातात पडतात. चहाचे पैसेसुद्धा सुटायचे नाहीत!

"मग फोटोच काढू नयेत का?" असं कुणी विचारेल. काढावेत की! आपण नाही काढले तर आपलं गाव दुसरंच कुणी दाखवेल. फक्त आधी विचारावं, आणि त्या माणसाच्या भाषेत विचारावं. आपल्या मंडळाने मराठी आणि कन्नडमध्ये एक पानी कागद तयार करावा, अशी माझी सूचना आहे: फोटो कुठे जाईल, कशाला वापरतील, पैसे कुणाला मिळतील, नाही म्हटलं तरी चालेल. साइटचा इंग्रजी फॉर्म भरण्याआधी तो वाचून दाखवायचा. समोरचा नको म्हणाला तर कॅमेरा खाली. आपण ज्याला शेजारधर्म म्हणतो तो याहून वेगळा नाही.

साइटने फोटो नाकारला तर दुसरा काढता येतो. अव्वाने विश्वासाने 'हो' म्हटलं असेल, तर तो विश्वास मात्र पुन्हा काढता येत नाही.