मुक्काम वडसा, नोकरी कुरखेडा

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सती नदीच्या काठी, कुरखेडा हे तालुक्याचे गाव आहे. तहसील कचेरी, पंचायत समिती, उपजिल्हा रुग्णालय, महाविद्यालय आणि २०१५ पासून नगरपंचायत असा सारा सरंजाम येथे आहे. पश्चिमेला पंचवीस-तीस किलोमीटरांवर वडसा आहे. कागदोपत्री त्याचे नाव देसाईगंज. नोकरीनिमित्त या मुलखात येणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न उभा राहतो: खोली कोठे घ्यावी? मुंबई-पुण्याच्या मानाने दोन्ही गावे स्वस्त आहेत. तरीही बहुतेकांचा कौल वडशाला, किंवा वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीला पडतो. मग रोज सकाळी यायचे आणि सायंकाळी परतायचे. आमच्याकडे या प्रकाराला ‘अपडाउन’ म्हणतात, आणि त्यात कोणाला काही गैर वाटेनासे झाले आहे. आम्हांला ते गैर वाटते, म्हणून हे लिहीत आहोत.

वडशाचे गुण आम्ही नाकारीत नाही. गोंदिया-चांदाफोर्ट मार्गावरील हे स्थानक कित्येक वर्षे जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक म्हणून ओळखले गेले. तेथे धानाचा व्यापार आहे, बाजारपेठ आहे, दवाखाने आहेत. झाडीपट्टी रंगभूमीचे तर ते माहेरघर. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांची ठरवाठरव वडशातील नाट्यमंडळांच्या कार्यालयांतच होते. परंतु वडशाला हे सारे आयते मिळाले काय? रेल्वे आली हे खरे. पण गाडीतून उतरलेली माणसे तेथे राहिली, त्यांनी दुकाने थाटली, मुले तेथल्याच शाळांत घातली, तेथल्याच रस्त्यांवरून नगरपरिषदेशी भांडण मांडले. त्यातून गाव वाढले. असतील शिते तर जमतील भुते, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण आधी कोणीतरी मुक्काम करून चूल पेटवल्याशिवाय शिते येणार कोठून?

अपडाउन करणाऱ्यांची बाजू पोकळ आहे असे मात्र कोणी समजू नये. मुलांची शाळा, घरातील म्हाताऱ्या माणसांचे औषधपाणी, पती-पत्नींच्या दोन ठिकाणच्या नोकऱ्या ही खरी कारणे आहेत. भीतीचे कारणही खरे होते. १ मे २०१९ रोजी याच तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा वाहनचालक प्राणांस मुकले. ती जखम हा तालुका विसरलेला नाही. पण तो स्फोट वस्तीत झाला नव्हता, रस्त्यावर झाला होता. आणि भीतीपोटी रोज पन्नास-साठ किलोमीटर रस्ता तुडवणे हा भीतीवरचा उपाय कसा, हे आम्हांला उमगत नाही. शिवाय काळ पालटतो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल चळवळीतील वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. यापुढे केवळ भीतीचे कारण पुढे करणे कठीण जाईल.

उरते ते सोयीचे कारण, आणि खरा वाद तेथेच आहे. ‘कुरखेड्यात चांगली शाळा नाही, म्हणून आम्ही वडशात राहतो’, असे म्हणणाऱ्याला आमचा प्रश्न आहे: ती चांगली व्हावी म्हणून ओरडणार कोण? अर्ज कोठे करावा, कोणाला भेटावे, कोणता नियम दाखवावा हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांचीच मुले दुसऱ्या गावच्या शाळेत जातात. मागे उरतो तो वनोपज गोळा करणारा आणि धानाची शेती करणारा पालक. शिक्षक आला नाही तर त्याला कळते; पण कळूनही तो कोणाला सांगणार? अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका पुस्तकात असाच एक प्रश्न घेतला होता. नायजेरियात मालमोटारींशी स्पर्धा असूनही तेथील रेल्वे का सुधारत नाही? त्याचे उत्तर असे की, ज्या चोखंदळ ग्राहकांनी तक्रार करून रेल्वेला वठणीवर आणले असते, तेच आधी मालमोटारींकडे वळले. कुरखेड्याची शाळा, पाणीपुरवठा आणि रुग्णालय यांचे हेच झाले आहे. रात्री दोन वाजता जंगलातील पाड्यावरून बाळंतीण आणली जाते, त्या वेळी रुग्णालयाच्या इमारतीपेक्षा हाकेच्या अंतरावर राहणारी परिचारिका आणि डॉक्टर मोलाचे असतात.

वसईच्या वाचकांना ही गोष्ट उलट्या बाजूने परिचित आहे. तेथे माणसे स्वस्त घरासाठी आली. झोपायला वसई-विरार आणि कमवायला मुंबई, अशी घडी बसली. हिरव्या वसईसाठी १९८९ च्या सुमारास आंदोलन उभे राहिले, त्यामागे हाच सल होता की येणाऱ्याला घर हवे आहे, गाव नको आहे. कुरखेड्यात माणसे कमवायला येतात आणि झोपायला दुसरीकडे जातात. दोन्हीकडे गावाचा अर्धाच उपयोग होतो, आणि उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी कोणी घेत नाही. वसई-पालघरहून जव्हार-मोखाड्याला रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकांनी आणि परिचारिकांनीही हा प्रश्न आपला मानावा.

शासनाने काय केले? मुख्यालयी राहण्याचा दंडक जुनाच आहे. नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना २००२ पासून एकस्तर वरची वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता मिळतो; घरभाडे भत्ता वेगळा. २०१९ मध्ये ग्रामविकास विभागाने मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला. २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी घरभाड्याचा प्रश्न लावून धरला, तेव्हा राज्यभर शिक्षक संतापले. त्या संतापातही तथ्य होते. राहण्याजोगी घरे न बांधता राहण्याचा दाखला मागणे हा पोकळ अधिकार झाला. पण कष्टप्रद प्रदेशाचा भत्ता घ्यायचा आणि त्या प्रदेशात रात्र काढायची नाही, हेही कोणत्या न्यायात बसते? दाखला मिळवणे आणि राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते.

अशा वेळी कोणीतरी हेमलकशाच्या आमटे दांपत्याचे किंवा शोधग्रामच्या बंग दांपत्याचे नाव घेते. कुरखेड्यातच १९८४ पासून ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था उभी करणारे डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख आहेत. या सर्वांविषयी आम्हांला आदर आहे. पण त्यांची नावे घेऊन सामान्य कारकुनाला लाजवणे आम्हांला मान्य नाही. आम्हांला येथे संत नकोत, शेजारी हवेत. संध्याकाळी पाण्याच्या टाकीवरून कुरकुर करणारे, मुलाच्या गणिताच्या शिक्षकाला गाठून जाब विचारणारे, कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर नेणारे शेजारी.

म्हणून आमची मागणी दोघांकडे आहे. शासनाने आधी निवासस्थाने बांधावीत, असलेली दुरुस्त करावीत, पती-पत्नींना एका तालुक्यात नेमावे, आणि जे खरोखर राहतात त्यांना बदलीत झुकते माप द्यावे. हे झाल्यावर जो राहणार नाही, त्याचा घरभाडे भत्ता बेधडक थांबवावा. आणि नव्याने रुजू होणाऱ्या कुटुंबांनी कोणते गाव अधिक सोयीचे एवढ्यावरच न थांबता, आपल्या येण्याने कोणत्या गावाला अधिक फरक पडेल हेही विचारावे. वडशात तुम्ही हजारांतले एक व्हाल. कुरखेड्यात तुमच्या एका घराने शाळेला एक जागरूक पालक मिळेल, दुकानाला एक गिऱ्हाईक मिळेल आणि नगरपंचायतीला एक डोकेदुखी मिळेल. त्या डोकेदुखीची या गावाला फार दिवसांपासून गरज आहे.