‘इथल्या इथे’ जाणाऱ्यांसाठी जाहीर आवाहन

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या दुचाकीवाल्या मंडळींना, आणि शनिवार-रविवार आला की मांडव्याच्या रो-रोने किंवा ताम्हिणी उतरून आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना,

मी चौलचा. सुपारीची वाडी आहे, वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी रेवदंड्याच्या बाजारातून बोंबील घेऊन घरी येत होतो. अंतर ते केवढं! वेगही चाळिशीच्या आतच. वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची रेती सांडलेली होती. पुढचं चाक सरकलं आणि मी गाडीखाली. डोक्यावर हेल्मेट होतं, तेही माझ्या शहाणपणाने नाही, लेकीच्या कटकटीने. बाकी अंगावर अर्धी चड्डी, विटका टीशर्ट आणि पायात स्लीपर. आपल्याकडचा नेहमीचा गणवेश.

पेपरात अपघाताची बातमी दोनच प्रकारची येते, ‘ठार’ नाहीतर ‘किरकोळ जखमी’. मी किरकोळ जखमी. त्या किरकोळपणाचा हिशेब मांडतो, कारण तो कुणी मांडत नाही.

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडी सोलली होती. जखमेत रेती आणि डांबराचे कण रुतलेले. ते तसेच राहिले तर कातडीखाली कायमचे निळे-काळे डाग पडतात, म्हणून सिस्टरने सलाईनचं पाणी ओतून ते घासून काढले. मोठा माणूस असूनही मी ओरडलो. पुढे तीन आठवडे ड्रेसिंग. सुकलेली पट्टी भिजवून भिजवून सोडवायची, तरी थोडी कातडी घेऊनच यायची. घोट्याचं हाड दोन्ही बाजूंनी मोडलं होतं. प्लेट आणि स्क्रू बसवले, आणि सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही असं बजावलं. ऐन सुपारी उतरवायच्या दिवसांत वाडीचा मालक पलंगावर, बायको वाडीत आणि दोन्ही खोल्यांना कुलूप. प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी निम्मी झाली होती. मग फिजिओ. जमिनीवर पसरलेला टॉवेल पायाच्या बोटांनी ओढायचा, भिंत धरून टाचा उचलायच्या, सकाळ-संध्याकाळ. हे कंटाळून सोडणारे पुष्कळ पाहिलेत, त्यांचे घोटे मग तसेच आखडतात. मला उकिडवं बसायला पाचवा महिना उजाडला. वाडीत काम करणाऱ्याला उकिडवं बसता न येणं म्हणजे काय, हे शहरातल्या पाहुण्यांना कदाचित कळणार नाही, आमच्या लोकांना कळेल.

घोटा झाकणारा बूट असता तर हाड मोडलंच नसतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कातडी मात्र वाचली असती, आणि कदाचित मोडही इतकी वाईट नसती.

आपला घात ‘इथल्या इथे’ या शब्दांनी होतो. इथल्या इथे जायचंय, हेल्मेट कशाला? पण गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. गाडी उभी असतानाच नुसता कलंडलात, तरी डोकं रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने आपटतं. गाडीचा वेग वेगळाच.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला इंग्रज अधिकारी वाळवंटातल्या लढाईत वाचला. 13 मे 1935 ला तो घराजवळून मोटारसायकलने परत येत होता, अगदी इथल्या इथे. सायकलवरच्या दोन पोरांना वाचवायला गेला आणि फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी ह्यू केर्न्स यांना ते मरण स्वस्थ बसू देईना. त्यांनी लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा अभ्यासल्या आणि 1941 मध्ये निष्कर्ष छापले. मग ब्रिटिश सैन्यात निरोप पोचवणाऱ्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. सामान्य नागरिकांसाठी तिथे सक्ती यायला 1973 उजाडलं, म्हणजे हट्टी फक्त आपणच आहोत असं नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात हेल्मेट न घातलेले 50,029 लोक रस्त्यावर मेले. त्यातले 14,337 मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 मागच्यालाही लागू आहे, चार वर्षांवरच्या मुलालाही.

गणपती आले की पेण नाक्यावर उभं राहून बघा. मूर्ती कपड्यात गुंडाळलेली, मागे बसलेल्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. स्पीडब्रेकर आला की पुढचा गाडी अलगद घेतो, बाप्पाला धक्का लागायला नको. आणि दोघांचीही डोकी उघडी! मागच्याचे दोन्ही हात मूर्तीला, गाडी घसरली तर तो धरणार काय? चाकरमान्यांनो, मूर्ती मिनीडोअरने न्या. चार पैसे जास्त जातील.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं घ्या. वाटीसारखी टोपी नको, कानशिलं आणि जबडा झाकणारं हवं. पट्टा लावा, न लावलेलं हेल्मेट तुमच्या आधी रस्त्यावर पोचतं. एकदा जोरात आपटलेलं पुन्हा वापरू नका, आतला थर्माकोल धक्का पिऊन दबतो तो दबतोच, बाहेरून कितीही चकचकीत दिसो. दूरच्या प्रवासाला कोपर-खांद्याला पॅड असलेलं जाळीचं जाकीट घ्या, त्यातून वारा खेळतो, आपल्या घामट हवेतही घालवतं. साधी जीन्स डांबरावर क्षणात फाटते, पण अर्ध्या चड्डीपेक्षा बरी. आणि हातमोजे. पडताना माणूस आधी हात टेकतो, मग मनगट मोडतं नाहीतर तळहात सोलतो. स्कूटीला मासळीची टोपली बांधून वाड्यावाड्यांतून फिरणाऱ्या माझ्या कोळी बहिणींनो, हे तुम्हालाही सांगतोय. तळहाताला पट्टी बांधून कोयता धरता येत नाही.

कुणी पडलेलं दिसलं तर 108 किंवा 112 लावा. व्हिडीओ काढू नका. पाणी पाजू नका, उचलून बसवू नका. श्वास अडला नसेल तर हेल्मेटही ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास द्यायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच स्पष्ट केलंय आणि 2019 पासून ते कायद्यातही आहे. पैशांपायी थांबू नका. 2025 पासूनच्या केंद्राच्या योजनेत ठरावीक रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. जखमेत हळद भरू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हाडवैद्याकडे मोडलेलं हाड चोळून घेऊ नका. डोक्याला मार लागलेला माणूस उठून चालू लागला तरी एक-दोन दिवस एकटा सोडू नका. उलट्या, वाढती डोकेदुखी, नको तेव्हा झोप, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं की थेट रुग्णालय.

लॉजवाल्या आणि घरगुती खोल्या देणाऱ्या भावांनो, पाहुण्यांसाठी दोन जादा हेल्मेटं दारात ठेवा. मी ठेवतो. पाहुणे हसतात आणि घेऊन जातात. बांधकामवाल्यांनो, रस्त्यावर सांडलेली रेती संध्याकाळी झाडून घ्या. ती कुणाची होती हे मी आजवर विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

त्या दिवशीचं माझं हेल्मेट ओटीवर खुंटीला टांगलंय. उजव्या बाजूला कानाच्या वर वीतभर चरा गेलाय, तिथे बोट फिरवलं की खरखरीत लागतं. बघायला या, चहा होईल. येताना तुमचं डोक्यावर असू द्या.

— चौलचा एक वाडीवाला